गनिमी पनीर आणि कळमन्याचे राजे

मला थीम पार्ट्यांचं वावडं नाही. आमच्या कंपनीत दरवर्षी एक होतेच. एकदा 'व्हिलेज थीम' होती, तेव्हा आमचा डिलिव्हरी मॅनेजर धोतरावर स्पोर्ट्स शूज घालून पुठ्ठ्याच्या बैलगाडीला टेकून फोटो काढून घेत होता. हसू आलं, राग नाही आला. त्यामुळे आजचं पोस्ट 'काय हे आजकालचे लोक' छापाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

विषय आहे कळमन्याच्या व्यापाऱ्यांचं एक जेवण. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. कळमना म्हणजे शहराच्या पूर्वेचं मोठं मार्केट यार्ड. धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे, सगळं इथे उतरतं, हर्रास होतं आणि पुढे जातं. सीझनमध्ये मिरचीच्या बाजूला गेलात तर लाल ढिगांच्या आधी शिंका भेटतात. अशा यार्डातल्या एका व्यापारी असोसिएशनला अमुक वर्षं झाली म्हणून मोठं जेवण ठेवलं होतं. असोसिएशनचं नाव घेत नाही, कारण ज्यांच्या घरी मी लहानपणापासून चहा पितो असे लोक त्यात आहेत. मित्राचे बाबा अडत्ये, म्हणून मलाही बोलावणं. व्हॉट्सॲपवर कार्ड आलं: 'शिवकालीन राजेशाही मेजवानी. पेहराव: पारंपरिक. फेटा जागेवर मिळेल.'

लॉनच्या तोंडाशी थर्माकोलचा बुरूज. तुतारी. आत स्टेजवर पदाधिकाऱ्यांसाठी सिंहासनं. हो, अनेकवचन. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रत्येकाला एक, लग्नातल्या वधू-वराच्या खुर्चीसारखं लाल मखमली आणि सोनेरी. प्रत्येक पदाधिकारी आला की माइकवरचा मुलगा गारद दिल्यासारखं नाव पुकारायचा, मग तुतारी, मग टाळ्या. मेनूकार्ड पोथीसारखं. त्यात 'मोहिमेची मिसळ', 'गडकऱ्यांची कढी' आणि (हे मी शपथेवर सांगतो) 'गनिमी पनीर'.

पनीर म्हणजे गनिमी कावाच आहे म्हणा, कुठल्या ताटात कधी शिरेल सांगता येत नाही. पण खरी गंमत वेगळी आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली, १५०० नंतर. बटाटा आणि टोमॅटोही त्याच वाटेने आले आणि आपल्या रोजच्या जेवणात तर फारच उशिरा रुळले. नागपुरी संत्रं रघुजीराजांनी औरंगाबादेकडून आणवून इथे लावलं असं सांगतात, म्हणजे तेही पेशवाईच्या उत्तरार्धातलं. थोडक्यात, कळमन्याच्या व्यापाऱ्यांनी खरोखरचं मध्ययुगीन जेवण द्यायचं ठरवलं, तर त्यांच्या स्वतःच्या यार्डातला निम्मा माल ताटातून काढावा लागेल. मिरचीवाल्यांनी दिलेली मध्ययुगीन मेजवानी, आणि मध्ययुगात मिरचीच नाही!

असो. मेनूवर पोस्ट लिहायला मी बसलो नाहीये. इतिहासाच्या चुका काढणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, त्यात मला भर घालायची नाही. माझा आक्षेप गेटवर उभ्या असलेल्या माणसांबद्दल आहे.

बुरुजाच्या दोन्ही बाजूंनी आणि पुढे स्टेजपर्यंत मावळे उभे होते. अंगरखा, कमरेला शेला, हातात भाला. इव्हेंटवाल्यांची पोरं असतील असं वाटलं, पण वयं जरा जास्त दिसत होती. फेटा बांधायची लाइन लांब होती म्हणून शेजारच्या मावळ्याशी बोललो.

"काका, तुम्ही इव्हेंटवाल्यांकडचे का?"

"नाही भाऊ, यार्डातला. मिरचीत हमाल हावो. सकाळी कट्टे उचलले, आता हे उचललं."

"जेवलात?"

"साहेब लोकायचं झालं का मंग."

मित्राला म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, "अबे, चारशे रुपये देऊन राह्यले त्याले. फुकटात नाही उभा. तू काहून येवढा लोड घेतं?"

चारशे रुपये दिले हे चांगलंच केलं. पण मी लोड पैशांचा घेतलेला नाही. ज्या खोलीत व्यापारी राजा झाला आणि हमाल त्याचा भालदार झाला, त्या खोलीने एक खोटा इतिहास रचला, आणि तो खोटा इतिहास कोणाच्या सोयीचा आहे हे बघायला पाहिजे. कारण आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना स्वतःचा एक इतिहास आहे. भरपूर जुना, लेखी, दगडात कोरलेला. त्यात ते राजे नाहीत, पण राजांपेक्षा जास्त भरवशाचे आहेत. तो इतिहास सोडून यांनी भाड्याने सिंहासन आणलं.

नाशिकची पांडवलेणी पाहिली असतीलच. बहुतेकांनी पायऱ्या चढून, फोटो काढून, उतरून मिसळ खाल्लेली असते. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे सरळ सत्तेतला माणूस. काळ साधारण इसवी सन १२० च्या आसपासचा. (हे मध्ययुग नाही, प्राचीन आहे, ठाऊक आहे. पनीर चालतं तर हेही चालवून घ्या.) या उषवदाताला लेण्यातल्या भिक्षूंची कायमची सोय करायची होती. तर त्याने काय केलं? गोवर्धन म्हणजे नाशिकजवळच्या गावातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, युरोपात ज्याला गिल्ड म्हणतात तोच प्रकार. एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

मी सवयीने गणित करून पाहिलं. २००० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे २४०. लेख म्हणतो, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कापडासाठी. २० गुणिले १२, बरोब्बर २४०! दोन हजार वर्षांपूर्वीची एक्सेल शीट, आणि टोटल जुळते. दुसऱ्या ठेवीचं व्याज भिक्षूंच्या वरखर्चाला. आणि हा सगळा व्यवहार गावाच्या निगमसभेत वाचून दाखवला, दप्तरात नोंदवला, असंही त्याच लेखात लिहिलंय. म्हणजे ऑडिट ट्रेलसुद्धा आहे.

आता यातली गोम बघा. राजाच्या जावयाने आपला पैसा कोष्ट्यांकडे ठेवला. कोष्ट्यांनी राजवाड्यात नाही. राज्यं येतील-जातील (आणि नहपानाचं गेलंच, गौतमीपुत्राने त्याचा पराभव करून त्याच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले), पण कापड विणणाऱ्यांचा संघ टिकेल आणि व्याज देत राहील, असा भरवसा त्याला वाटला. हे नागपुरात सांगायला मला विशेष आवडतं, कारण हे शहरच मुळी कोष्टी आणि हलबा विणकरांच्या मागांवर वाढलंय. इतवारी, बुधवारी, शनिचरी, शुक्रवारी, सगळी बाजारांची नावं. इथल्या व्यापाऱ्याला मखमली खुर्चीची काय गरज पडावी?

बरं, मध्ययुगच पाहिजे तर तेही आहे. १२ व्या शतकात, शिलाहारांच्या काळात, कोल्हापूर-मिरज भागात वीर बणंज नावाने ओळखला जाणारा व्यापाऱ्यांचा मोठा संघ होता. त्यांचे लेख आहेत. त्यात ते स्वतःच्याच मालावर, ओझ्यामागे इतकं असं देणं लावून घेतात, देवालयासाठी. पुढे मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर कौल देऊन व्यापारी आणायचे आणि शेट्ये-महाजन नेमायचे. शेट्याला मानपान होता, हक्क होते, पण त्याच्या डोक्यावर पेठ वसती ठेवायची आणि तिथले तंटे निपटायचे, ही जबाबदारी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार-व्यापाऱ्यांवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यात त्यांचं महत्त्व मोकळेपणाने मान्य केलंय. सिंहासनावर मात्र बसवलेलं नाही.

आणि शिवाजी महाराजांचंच नाव घ्यायचं असेल तर चिपळूणच्या छावणीला गेलेलं ते पत्र काढून वाचा. शाळेत सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलेलं असतं, पण बाजाराचा मुद्दा कोणी लक्षात ठेवत नाही. लष्कराला सांगितलंय की दाणा, वैरण, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्या, रयतेकडून ओरबाडू नका. म्हणजे शिवकालीन थीमचा सगळ्यात अस्सल भाग बाजार हाच होता, रोख पैसे मोजणारा बाजार. तो यांच्याकडे आयता होता. तो सोडून थर्माकोलचा बुरूज!

आम्ही कॉलेजात असताना विनॅम्पला रोज नवीन स्किन लावायचो. कधी लाकडी रेडिओ, कधी स्पेसशिप. गाणी तीच. हे जेवण तसंच आहे. मध्ययुगाची स्किन आणली, आत जे चालायचं ते काहीच आणलं नाही.

'सगळीकडेच गिल्डवाले असं मिरवतात, युरोपात बघा' असं स्टेजवरून एका पाहुण्याने ठोकून दिलं. बघूया की. लंडनमध्ये मिरीवाल्यांचा एक संघ होता, पेपरर्स. त्यातून १३४५ मध्ये ग्रोसर्स कंपनी आली, ठोक माल विकणाऱ्यांची. आजही आहे, जेवणावळीही होतात. पण मध्ययुगात त्यांच्याकडे एक काम होतं: शहरात येणारे मसाले तपासून, चाळून, कचरा वेगळा काढायचा. ज्याने हे करायचं तो 'गार्बलर'. मूळ अरबी शब्दाचा अर्थच चाळणं. म्हणजे आपण स्क्रीनवर मराठीच्या जागी चौकोन दिसले की ज्याला 'गार्बल्ड' म्हणतो तो शब्द मसाल्याच्या चाळणीतून आलाय! (हा शोध मला इतका आवडला की विषयांतर माफ करा.) सांगायचं ते हे की मसाल्यात भेसळ सापडली तर संघाची इज्जत जायची, आणि संघच तपासायचा. पावडरमध्ये काय काय मिसळतात हे आपल्याला पेपरात वाचायची सवय झालीय. सरकारी धाडीच्या आधी स्वतः चाळणी घेऊन बसणारं असोसिएशन मी तरी पाहिलं नाही.

आणि जेवणाचंच म्हणाल तर जर्मनीतलं ब्रेमेन. तिथे १५४५ मध्ये दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांनी गरजू खलाशी आणि त्यांच्या विधवांसाठी एक संस्था काढली. तिचं वार्षिक जेवण आजतागायत चालू आहे, शाफरमाल नावाचं. फेब्रुवारीत, नगरभवनाच्या जुन्या दिवाणखान्यात. थाट भरपूर, टेलकोट वगैरे. पण जेवणात सुकवलेला मासा, कोबीवर्गातली पालेभाजी, असलं खलाशांचं अन्न. काटे-चमचे दर कोर्सला बदलत नाहीत, टीपकागदाने पुसून तेच वापरायचे, कारण जहाजावर तसंच चालायचं. पाहुण्याला आयुष्यात एकदाच बोलावतात. आणि जेवणाच्या मध्येच खलाशांच्या निधीसाठी पैसे गोळा करतात. कितीतरी वर्षं तिथे बायकांना प्रवेशच नव्हता, तेव्हा त्यांनाही डोक्यावर घ्यायला नको. पण थीम कोणाची आहे बघा: खलाशाची. त्या पंगतीतला मालक निदान त्या संध्याकाळपुरता नोकराचं जेवतो. आपल्याकडे उलटं झालं. नोकर मालकाचा पहारा देत उभा राहिला.

आता मी गिल्डचं गोडगोड चित्र रंगवतोय असं वाटायला लागलं असेल, तर थांबा. हे संघ काही संतांचे मेळे नव्हते. बाहेरच्याला धंद्यात येऊ द्यायचं नाही, भाव आपसात ठरवायचे, आपल्याकडे तर जातीने दार बंद. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की एका धंद्यातले लोक नुसत्या मौजमजेसाठी जमले तरी गप्पा शेवटी गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर येतात. मौजमजेसाठी, बरं का. फ्रान्सने तर १७९१ मध्ये गिल्ड कायद्यानेच बंद केले.

आणि मध्ययुगाचा हा दुसरा भाग आपल्या बाजारांत फार उशिरापर्यंत टिकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत आजोबांना विचारा. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, आणि भाव रुमालाखाली. कडता म्हणजे पोत्यामागे उगाच कापलेलं वजन. हे थांबवायला कायदे लागले, आणि त्यात आपला विदर्भ पुढे होता. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ चा, कारंज्याचा, कापसाचा. मग १८९७ चा वऱ्हाडचा कायदा, पुढे १९६३ चा बाजार समिती कायदा. उघडा हर्रास, तपासलेला काटा, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. हमालांना भविष्य निर्वाह निधी वगैरे मिळायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. फळं-भाजीची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी हा बदल तर थेट जुलै २०१६ मधला, आणि तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. यातली एकही गोष्ट व्यापारी संघटनांनी आपणहून केली नाही. म्हणून 'मध्ययुग' हा शब्द त्यांनी तरी जरा जपून वापरावा, असं मला वाटतं. ज्या यार्डात तो संपवायला इतके कायदे झाले, त्याच यार्डातले लोक तो मखमलीवर बसून साजरा करतायत.

"अरे, पण लोकांना काहीतरी उत्सव पाहिजे," असं मित्राचे बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले. बरोबर आहे काका. पण नागपुरात उत्सवाची टंचाई कधी होती? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते ती तेली समाज काढतो. एका धंद्याच्या लोकांनी सव्वाशेहून जास्त वर्षं चालवलेली मिरवणूक. कोणता इव्हेंटवाला नाही, थीम नाही, आणि बडग्यांमधून त्या वर्षीच्या मंत्र्यापासून महागाईपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतात. त्यात कोणी राजा होऊन बसत नाही. गावाची पीडा खांद्यावर घेऊन गावाबाहेर जाळायला नेतात. हे आपल्या गावचं, कळमन्यापासून रिक्षाच्या अंतरावर.

आणि अन्नाचंच म्हणाल तर पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केलं. कष्टकऱ्याला परवडेल असं झुणका-भाकरीचं जेवण, ना नफा ना तोटा. बाबा आढावांच्या संघटनेचं हे काम. ओझी वाहणाऱ्यांच्या संघटनेला जे सुचलं आणि जमलं, ते ओझी उतरवून घेणाऱ्यांच्या संघटनेला जमणार नाही?

पैशांचं सांगतो, कारण शेवटी 'मग तूच सांग काय करायचं' हा प्रश्न येणारच. मित्राने सांगितलेला प्लेटचा रेट ९५० रुपये, माणसं सुमारे ६००. म्हणजे ५ लाख ७० हजार, आणि बुरूज, तुतारी, सिंहासनं वेगळी. एवढीच रक्कम उषवदाताच्या पद्धतीने असोसिएशनच्याच सभासदांकडे ठेव म्हणून फिरवली, मुद्दलाला हात न लावता, वर्षाला १२ टक्क्यांनी, तर ६८,४०० रुपये होतात. महिन्याला ५,७००. पिठलं-भाकरीचं ताट ४० रुपयांचं धरून निम्मे पैसे असोसिएशनने आणि निम्मे खाणाऱ्याने भरले, तर महिन्याला २८५ ताटं. एवढ्याने यार्डाचं पोट भरणार नाही. पण २८५ ताटं दर महिन्याला, कायमची, एका रात्रीच्या पनीरच्या पैशांत. बँकेच्या एफडीत ७ टक्क्यांनी ठेवलं तर आकडा कमी येतो, पण मग प्रश्न असा पडतो की कोष्ट्यांनी दिलं तेवढं व्याज द्यायला आपले राजे तयार का नाहीत.

खजिनदार हा ब्लॉग वाचत नाहीत, त्यांचा मुलगा वाचतो. त्याला दोन शीटची फाइल पाठवलीय: एकात नाशिकचा हिशोब, दुसऱ्यात कळमन्याचा. आज रविवार संध्याकाळ. अजून ब्लू टिक आलेली नाही.